जुळलेलं सूत

शिमगा संपला की किरमोळ्याच्या वरच्या वाडीतली घरामागची सगळी परडी करपून जायची. पाऊस हल्ली गणपतीबरोबरच गाव सोडायचा, विहिरी होळीच्या आधी तळ दाखवायच्या, आणि बोअर मारायला तर सरकारने कधीच बंदी घातली होती. जांभ्यावरची वीतभर माती. तिच्यात पाणी ठरणार किती आणि मुळं जाणार कुठे! अशा दिवसांत विनया पाष्टेच्या परड्यात मात्र लाल माठ गुडघ्याएवढा वाढलेला असायचा, पडवळं मांडवाखाली लोंबत असायची आणि वांग्याच्या झाडांना काठ्यांचा आधार द्यावा लागायचा. रासायनिक खताचा दाणा नाही की औषधाचा फवारा नाही. तालुक्याच्या कृषी केंद्रातल्या कदम मॅडम दर चैत्रात लांबलांबच्या गावांतल्या बायकांना गाडीत घालून हे परडं दाखवायला आणायच्या. बायका वाफ्यांवर ओणव्या व्हायच्या, माती हातात घेऊन हुंगायच्या आणि म्हणायच्या, "वहिनी, तुमच्या हातालाच गुण आहे हो!" विनया "छे हो" म्हणायची, पण ते एक वाक्य पुढच्या चैत्रापर्यंत पुरवून पुरवून वापरायची.

त्या वर्षी मॅडमांचा फोन आला तो जरा वेगळाच.

"विनयाताई, या खेपेला तुमचं बघून झालं की शेजारच्या हर्षदाताईंचंही दाखवू म्हणते. काय सुंदर झालंय त्यांचं!"

"हो हो, दाखवा की," विनया म्हणाली. फोन ठेवला आणि तरातरा गडग्याशी गेली.

गडगा म्हणजे दोन परड्यांच्या मधली जांभ्या दगडांची कमरेएवढी भिंत. पलीकडे उतारावर हर्षदा मांडवकरचे वाफे. विनयाने मान उंचावून पाहिलं. मिरच्या लालभडक, दुधी हातभर लांब, आणि कारल्याचा वेल तर गडग्यावर चढून इकडेच डोकावत होता, जणू विचारत होता, काय गो, बरी आहेस ना? खरं तर हर्षदाचं परडं या वर्षी उभंच राहायला नको होतं. तिचा जुना आंबा मागच्या वादळात मुळासकट आडवा झाला होता, आणि खोल मुळांचं झाड नसलं की उन्हाळ्यात परडं तगत नाही हे आता वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

हर्षदाबद्दलचा विनयाचा सल आजकालचा नव्हता. सिद्धेशसाठी, म्हणजे विनयाच्या नवऱ्यासाठी, सांगून आलेलं पहिलं स्थळ हर्षदाचं. सगळं ठरत आलं होतं, मानपानावरून दोन मामा अडले आणि फिसकटलं. विनया लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूबाईंनी भाकऱ्या थापता थापता हे तिच्या कानावर घातलं होतं. पुढे हर्षदाचं लग्न झालं ते थेट शेजारच्याच घरात. तिचा नवरा मालवाहू बोटीवर. वर्षातले चार दिवस घरी, बाकी समुद्रावर. अख्खी वाडी सिद्धेशला 'सिद्धेशदादा' म्हणायची. हर्षदा तेवढी, एका वर्गात होते म्हणून, नुसतं 'सिद्धेश' म्हणायची. ते विनयाच्या कानाला दर वेळी कुसळासारखं टोचायचं.

आता हे परडी हिरवी राहण्याचं गुपित काय, तर सूत.

जमिनीत बुरशीचे तंतू असतात, केसाहूनही बारीक. ते झाडांच्या मुळांना बिलगून राहतात. झाड त्यांना साखर देतं आणि ते झाडाला पाणी नि क्षार आणून देतात. हा सौदा माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. शास्त्रज्ञांनी केलं ते एवढंच, की त्यातले सगळ्यांत चिवट आणि लांब पळणारे तंतू निवडून आणखी तयार केले. फणसासारखं मोठं झाड कातळाच्या भेगांतून मुळं खोल सोडतं. रात्री पानांची छिद्रं मिटली की खालचं पाणी त्या मुळांतून वर चढतं आणि वरच्या कोरड्या मातीत थोडं थोडं पाझरतं. हे तंतू ते पाणी टिपतात आणि माठाच्या, मिरचीच्या इवल्या मुळांपर्यंत पोचवतात. बाईने दोन झाऱ्या शिंपाव्यात, उरलेली तहान फणसाने भागवावी. केंद्राने त्याला लांबलचक शास्त्रीय नाव दिलं होतं. लोक 'सूत' म्हणू लागले.

सुताची पुडी केंद्रातून मिळायची, पण एकदा जीव धरला की ते दह्याच्या विरजणासारखं. मूठभर जिवंत माती दुसरीकडे नेली की तिथेही तेच सूत लागायचं. आणि प्रत्येक पुडीतलं सूत मुद्दाम वेगळ्या वाणाचं ठेवलेलं होतं. दोन वेगळी सुतं जमिनीत समोरासमोर आली तर एकमेकांना ओळखत नसत. टोकं काळी पडून तिथेच थांबत. एका परड्यात रोग शिरला तर तो गावभर पसरू नये, म्हणून ही तजवीज. मात्र एकाच विरजणाची दोन सुतं भेटली तर टोकाला टोक मिळून एक होऊन जायची. मग इकडचं पाणी तिकडे, तिकडचं इकडे, जिथे कमी तिथे.

वाफ्यांत रोवलेल्या खुंट्या सुताच्या नाडीचे बारीक ठोके ऐकून फोनवर कळवत असत. मॅडमांचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विनयाने चहा पिता पिता खुंट्यांचे महिनोन्महिने न वाचलेले निरोप उघडले, तर पावसाळ्यातल्या एकात हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'अभिनंदन! तुमचे सूत पूर्वेच्या परड्याशी जुळले आहे.'

पूर्वेला हर्षदा.

विनयाचा चहा तसाच निवला. खालच्या नकाशात तिच्या परड्यातल्या फणसाखालून निघालेली निळी रेघ गडग्याच्या पायातून पलीकडे गेलेली दिसत होती. म्हणजे ती मिरची, तो दुधी, ते आगाऊ कारलं, सगळं हिच्या फणसाच्या पाण्यावर माजलं होतं! पण त्याहून वाईट गोष्ट तिच्या ध्यानात जरा उशिरा आली. सूत जुळलं, म्हणजे दोघींचं विरजण एकच. विनयाने तर आपली माती कुणाला चिमूटभर दिलेली नव्हती. मग दिली कुणी? घरात दुसरं माणूस होतं कोण?

सिद्धेश सौर पंप दुरुस्त करायचा. त्या दिवशी दुपारी जेवायला आला तेव्हा विनयाने वाढता वाढता विचारलं, "हर्षदाच्या टाकीची तोटी गळत होती ना? झाली का नीट?"

"मागेच झाली."

"आणि मांडव?"

"तोही बांधून दिला. एकटी बाई, काय करणार?" सिद्धेश भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला. "का गं?"

"काही नाही. खोरं तिच्याकडेच राहिलंय वाटतं."

"नाही, तिचं तिच्याकडे आहे. न्हाणीच्या मागे, पत्र्याखाली."

तिचं खोरं कुठे असतं ते याला माहीत! स्वतःचे मोजे कुठे असतात ते आयुष्यात कधी सापडले नाहीत या माणसाला! विनयाने आमटीचा डाव भांड्यात असा आपटला की सिद्धेशने मान वर केली. पण तिने नुसता त्याच्या पानात आणखी भात वाढला. विचारलं असतं आणि तो 'हो' म्हणाला असता, तर? ते तिला ऐकायचं नव्हतं. मनातल्या मनात तिला ते दिसतच होतं: हा ओंजळभर माती घेऊन गडग्याशी उभा, ती पलीकडून पदर पसरून. सूत जुळलं म्हणे. अभिनंदन!

सिद्धेश दूरच्या गावी पंप बसवायला गेला त्या सकाळी विनयाने टिकाव घेतला आणि गडग्याच्या अलीकडून चर खणायला सुरुवात केली. माती थोडीच, लगेच टिकाव कातळावर खणखणायला लागला. फणसाची बोटाएवढी मुळं आडवी आली ती तिने कोयत्याने तोडली. मातीत पांढऱ्या तंतूंची जाळी दिसत होती, पावसाळ्यात भिंतीला येते तशी मऊ. ती तुटताना आवाजसुद्धा झाला नाही. गडग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चर नेऊन तिने त्यात जुनं ताडपत्रीचं कापड उभं लावलं आणि वर वाळक्या पानांचा पातेरा पसरून टाकला. हर्षदा बाजारात गेली होती. परत आल्यावर तिने गडग्यावरून हाक मारली, "विनया, काय खणत होतीस गो?"

"उंदीर झालेत," विनया म्हणाली. "आळ्यांतून पोखरतात."

"इकडेपण आहेत मेले," हर्षदा हसून म्हणाली आणि घरात गेली.

पहिल्यांदा दुधीची पानं मान टाकू लागली. मग मिरच्या. संध्याकाळी उन्हं उतरली की झाडं पुन्हा उभारी धरतात, तशी ती धरेनात. हर्षदा सार्वजनिक टाकीवरून कळशा आणून ओतत राहिली, पण कातळावर तापलेल्या मातीत ते पाणी तव्यावरच्या थेंबासारखं नाहीसं व्हायचं. विनया काहीतरी निमित्त काढून गडग्याशी जायची. रोज थोडं जास्त पिवळं दिसायचं आणि रोज तिला थोडं बरं वाटायचं. लपवण्यात काय अर्थ आहे? अगदी उन्हातून आल्यावर थंड पाण्याचा घोट घशाखाली उतरावा तसं बरं वाटायचं.

मॅडमांची गाडी आली. बायकांनी विनयाची माती हुंगली, हाताला गुण असल्याचं सांगितलं. मग मॅडमांनी गडग्यावरून पलीकडे नजर टाकली आणि नुसत्याच म्हणाल्या, "अरेरे." गाडी खाली उतरली नाही. हर्षदा ओसरीवर नवी साडी नेसून उभी होती. बायकांसाठी तिने पन्हं केलं असावं, कारण पायरीवर पेले मांडलेले दिसत होते. गाडी वळून गेल्यावर तिने ते एकेक करून आत नेले. विनया ते बघत होती, पण या वेळी तो थंड घोट काही आला नाही.

चर सापडला तो सिद्धेशला. फणस उतरवायला शिडी लावताना तिचा पाय पातेऱ्यात खचला. त्याने पातेरा बाजूला केला, ताडपत्री बघितली, तुटलेली मुळं बघितली. त्याचा आवाज चढला तेव्हा हर्षदाही गडग्यापर्यंत आली आणि तिनेही ते पाहिलं.

"हे उंदरांसाठी?" हर्षदा म्हणाली.

"माझ्या फणसाचं पाणी आहे," विनया म्हणाली. "माझं सूत आहे. कुणी चोरून नेऊन दिलं असलं तरी माझंच आहे."

"तुझं सूत?" हर्षदाचे डोळे बारीक झाले. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याहून जास्त नवल होतं. ती सिद्धेशकडे वळली. "अजून सांगितलं नाहीस हिला?"

सिद्धेशने शिडी काढून जमिनीवर आडवी ठेवली.

"विचार त्याला," हर्षदा म्हणाली, "कुणाचं विरजण कुणाकडे आलं ते." आणि मागे न बघता चालू लागली.

विनयाला तो पहिला उन्हाळा आठवत होता. केंद्राची पुडी आणून घातली होती, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं आणि वैशाखाच्या तोंडाला एकूण एक वाफा जळून गेला होता. ती स्वयंपाकघरात बसून रडली होती. सासूबाई तेव्हा हयात होत्या, त्या म्हणाल्या होत्या, "पलीकडे बघ कसं राखलंय." त्यानंतरच्या पावसाळ्यात परडं आपोआप सावरलं आणि पुढच्या उन्हाळ्यात वाडीत नाव झालं. तिला वाटलं होतं, सूत जमिनीत तग धरून होतं, आपल्या मेहनतीने ते परत जिवंत झालं.

"पुडी मेली होती, विनू," सिद्धेश ओसरीवर बसून म्हणाला. "केंद्रातल्या पोराने माती तपासून सांगितलं, यात काही उरलं नाही. नवी पुडी मिळायला यादी लागली होती लांबलचक. तू जेवत नव्हतीस. मग मी हर्षदाकडून एक घमेलं माती आणली आणि पावसात वाफ्यांत मिसळली."

"मला न सांगता."

"सांगितलं असतं तर ठेवली असतीस?"

नसतीच ठेवली. घमेल्यासकट गडग्यावरून पलीकडे फेकली असती. हे दोघांनाही माहीत होतं.

"आणि मांडव नि तोट्या?" तिने विचारलं.

"ते उपकाराचं ओझं. माती फुकट घेतली ना. ती काही मागत नाही, मग मीच जातो." सिद्धेशने डोकं खाजवलं. "आणि बोलायला बरी आहे ती. तेही आहेच. खोटं कशाला सांगू?"

ते शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं, पण बोलला. विनया उठून परड्यात गेली. माठ होता, वांगी होती, पडवळं लोंबत होती, आणि सगळं एकाएकी दुसऱ्याच्या घरातल्या फोटोसारखं दिसत होतं. हाताला गुण आहे म्हणे! गुण होता तो हर्षदाच्या मातीत. आजवर तिला हर्षदाच्या मिरच्यांचा हेवा वाटत होता. आता स्वतःच्याच वांग्यांचा वाटायला लागला. आणि गंमत म्हणजे मनातली आग विझायची सोडून उलट भडकली. जिने हे सगळं दिलं ती इतकी वर्षं पलीकडे उभी राहून हिची मिरवणूक बघत होती आणि एका शब्दाने बोलली नव्हती. बोलली असती तर बरं होतं. त्या न बोलण्याचाही विनयाला हेवा वाटला.

सिद्धेशने चर बुजवला. पण तुटलेलं सूत एका दिवसात पुन्हा ओलांडून जात नाही. त्याला एक पावसाळा लागतो आणि पलीकडे धरायला कुणीतरी जिवंत असावं लागतं. पलीकडे तर वाफे राख झाले होते आणि झाडांबरोबर सूतही तापून मेलं होतं. मॅडमांना फोन केल्यावर त्यांनी स्पष्टच सांगितलं, "नवी पुडी मृगाला देऊ त्यांना. पण ते सूत वेगळं असणार. तुमच्या फणसाशी ते कधीच जुळणार नाही, आणि त्यांच्याकडे तर मोठं झाड नाही. तुमच्याच सुताची माती दिलीत तर गोष्ट निराळी. ओल ठेवून पावसापर्यंत जगवायची, मग येईल वाट काढत."

सिद्धेशने फोनवरचं ऐकलं होतं. तो उठला आणि घमेलं नि घरातलं खोरं घेऊन आला.

विनयाला ते चित्र पुन्हा दिसलं: हा माती घेऊन गडग्यापलीकडे, ती समोर. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ठेव ते खाली," ती म्हणाली. "मी नेते."

"तू?"

"का? मला काय वाट माहीत नाही?"

खोरं घेऊन ती वाफ्यांत शिरली. मधला वांग्यांचा वाफा सगळ्यांत चांगला होता. तिथे बोट घातलं तरी पांढरी जाळी दिसायची. तिने खोरं उचललं, थोडा वेळ तसंच धरलं, आणि मग कडेच्या वाफ्याकडे गेली. तिथे माठ जरा खुरटा होता, सूतही विरळ. पण होतं तेच, वाण तोच, काम झालं असतं. तिने तिथली चार झाडं मुळांसकट, मातीच्या ढेकळासकट उचलली, घमेल्यात मांडली, वर ओलं फडकं घातलं आणि घमेलं डोक्यावर घेऊन निघाली.

हर्षदा ओसरीवर वाळवणातले खडे निवडत होती. विनयाला बघून ती उठली नाही. विनयाने घमेलं पायरीवर ठेवलं. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरलं.

"तुझंच आहे," ती एवढंच म्हणाली. "आणलंय."

हर्षदाने फडकं उचललं. ढेकूळ हातात घेऊन फोडलं, माती बोटांत चुरली, नाकाशी नेली. मग खुरटलेल्या माठाकडे बघून म्हणाली, "कडेच्या वाफ्यातली ना?"

नाही म्हणता आलं असतं. विनयाच्या कानशिलांपर्यंत ऊन चढलं.

"हो," ती म्हणाली.

हर्षदाने हातातली माती घमेल्यात झटकली. मग तिच्या नाकातून एक बारीकसं हसू फुटलं. ते काही गोड हसू नव्हतं.

"मीपण कडेचीच दिली होती सिद्धेशला," ती म्हणाली. "मधली देववेना. म्हटलं, लागलं तर लागलं तिचं नशीब. आणि त्याच मातीवर तू माझ्यापेक्षा हिरवं करून दाखवलंस. दर चैत्रात ती गाडी तुझ्या दारात थांबायची ना, मी दार लावून घ्यायचे."

विनया पायरीवर बसली. आतून काहीतरी सैल होत होतं. ते प्रेम नव्हतं हे नक्की, पण इतक्या वर्षांत एवढं मोकळंही तिला कधी वाटलं नव्हतं.

"आता ही मेली तर बघ," हर्षदा म्हणाली. "परत मागायला येईन. मधलीच मागेन."

"ये," विनया म्हणाली. "पण तूच ये. त्याला पाठवू नकोस."

हर्षदाने तिच्याकडे नीट बघितलं. मग साडीचा पदर खोचला, न्हाणीमागे जाऊन पत्र्याखालचं खोरं काढलं आणि ते विनयाच्या हातात दिलं.

"चल, ऊन चढायच्या आत लावू. कुठे लावायची?"

विनयाने करपलेल्या परड्यावरून नजर फिरवली. "मधोमध," ती म्हणाली.